बिदऱ्या आणि गुलबऱ्या

"आई, शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आलीय. तुमच्याकडं आलो तर दोन दिवसांत काय बघावं, बिदर की गुलबर्गा?" असं परवा पुण्याहून सुनेनं फोनवर विचारलं. साधा प्रश्न. दुसरी कुणी असती तर चटकन म्हणाली असती, बिदरला किल्ला आहे, हवा थंड आहे; गुलबर्ग्याला खाणं चांगलं, पण ऊन सोसत असेल तरच जा. मी म्हटलं, "थांब गं, दूध उतू चाललंय," आणि फोन ठेवून दिला. दूध-बिध काही नव्हतं. ह्याच प्रश्नावर आमच्या घरात भावानं भावाचं रक्त काढलं आणि ते माझ्यापायी काढलं, हे तिला फोनवर कसं सांगायचं? आता सांगायला घरात जुनं माणूस कुणी उरलं नाही, म्हणून लिहिते आहे. तिला वाचायचं असेल तर वाचू दे.

आमचं घर हुमनाबादजवळच्या निर्णा गावचं, धनगराचं. घर म्हणजे पुढं मेंढरांचा वाडगा आणि मागं दोन खोल्या, म्हणजे माणसांपेक्षा मेंढरांनाच जागा जास्त. पहाटे डोळा उघडायचा तो कोकरांच्या ओरडण्यानं, आणि अंगाला, अंथरुणाला, भाकरीलासुद्धा लोकरीचा वास. माय चुलीपुढं बसून ज्वारीच्या भाकरी थापायची. तिच्या हाताचा तो थपथप आवाज सुरू झाला की आज्जा बाजेवर उठून बसायचा. आज्जा दोन्ही डोळ्यांनी आंधळा होता, पण कळपातली कुठली मेंढी लंगडते आहे हे तो बाजेवर बसून पावलांच्या आवाजावरून सांगायचा. पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. नुकती व्यालेली मेंढी असली तर खरवस. एवढ्यावर आम्ही मजेत होतो असं लिहायला बरं वाटतं, पण खोटं कशाला लिहू? आमच्या घरात हात आधी चालायचा आणि तोंड मागाहून. आज्जाची काठी ज्याचा आवाज येईल त्याच्यावर पडायची. अप्पा मायला मारायचा, भाकरी करपली म्हणून, पाणी उशिरा दिलं म्हणून, कधी नुसतंच. माय मला मारायची. मी कुत्र्याला मारायचे. कुत्रं कुणाला चावायचं ते आता आठवत नाही.

घरात एकच माणूस असं होतं ज्यानं कधी कुणावर हात उचलला नाही. माझा धाकटा चुलता, मल्लूकाका. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली आणि तिच्याबरोबर लेकरूही गेलं. त्याच आठवड्यात कळपात एक कोकरू आईवाचून राहिलं होतं. काकानं ते मांडीवर घेऊन, कापडाचा बोळा दुधात बुडवून बुडवून वाढवलं. त्याचा पुढं जो मेंढा झाला तो गुलबऱ्या. काका त्याला भिजवलेले हरभरे चारायचा, शिंगांना तेल लावायचा, आणि हिवाळ्यात त्याच्या पाठीवर स्वतःची घोंगडी टाकून आपण थंडीत कुडकुडत बसायचा. माय म्हणायची, "भावजी, त्याला आता शाळंत घाला." काका हसायचा. मला तो म्हाळू म्हणायचा. बाकी सगळे म्हाळसे म्हणून खेकसायचे. मल्लूकाका मला बापापेक्षा जवळचा होता, आणि ह्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

मेंढराला सुट्टी नसते, म्हणून धनगरालाही नसते. पण दिवाळी होऊन लोकरीची कातरणी झाली की वर्षातून एकदा, शनिवार-रविवार असे दोन दिवस, आमचं सगळं घर गावाला जायचं. शेजारच्या घरावर वाडगा सोपवायचा, शिकेकाईनं अंग घासून लोकरीचा वास घालवायचा, तो जायचा नाहीच, आणि पहिल्या गाडीनं हुमनाबाद गाठायचं. हुमनाबादच्या स्टँडवरून एक रस्ता बिदरला जातो आणि दुसरा गुलबर्ग्याला. अप्पाची थोरली बहीण बिदरला दिलेली, धाकटी गुलबर्ग्याला. दोन दिवसांत दोन्हीकडं जाणं व्हायचं नाही. कुठं जायचं ह्यावर अप्पा आणि काका यांचं एका वर्षीही एकमत झालं नाही.

अप्पा बिदरचा. "बिदरची हवा खाल्ली की माणूस वर्सभर आजारी पडत न्हाई," म्हणायचा. खरंच, घाट चढून गाडी तांबड्या मातीला लागली की वारा बदलायचा. विहिरीचं पाणी गोड. किल्ल्याच्या दारात उभं राहून आम्ही नावं घेऊन ओरडायचो आणि दगड आमची नावं परत द्यायचे. दुपारी गुरुद्वाऱ्याच्या झऱ्यावर पाय धुवून पंगतीत बसायचं. डाळ-रोटी वाढणारा माणूस जात विचारायचा नाही, पोट भरलं का एवढंच विचारायचा. बिदरची आत्या विधवा. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची आणि तिथंच मागच्या खोलीत राहायची. तिच्या गल्लीत सकाळपासून काळ्या भांड्यांवर चांदीची तार ठोकणाऱ्या हातोड्यांची बारीक टकटक चालायची. मी वसतिगृहाच्या ओट्यावर बसून वेण्या घातलेल्या मुलींना मोठ्यानं वाचताना ऐकायचे. एकदा बिदर म्हणजे मोठं खेडंच की, असं कुणी कंडक्टर म्हणाला, तर अप्पानं त्याची कॉलर धरून त्याचं डोकं गाडीच्या पत्र्यावर आपटलं. अप्पाचं प्रेम ते असं होतं.

काका गुलबर्ग्याचा. "बिदरात काय हाय? दगडं. जिवंत माणसं बघायची तर गुलबर्ग्याला चला." तेही खरंच होतं. गिरणीचा भोंगा, मुंबईला जाणाऱ्या आगगाड्या, सिनेमाचे मोठाले रंगीत फलक, आणि दर्ग्याच्या बाजूच्या गल्लीतली पिवळीधमक तहारी, मांसाच्या रसात शिजवलेला तो भात, जिचा वास घरी परतल्यावरही दोन दिवस बोटांना राहायचा. उन्हात शहाबादी फरशी अशी तापायची की आम्ही पोरं पाय उचलून उचलून नाचत चालायचो. गुलबर्ग्याच्या आत्याचा नवरा गिरणीत होता. तिचा थोरला मुलगा बसू वीसेक वर्षांचा, हाडापेरानं थोराड. माझ्या बारशाला ह्या आत्यानं पाळण्यात वाकून माझ्या कपाळाला कुंकू लावलं होतं, आणि "ही माझी सून" म्हणाली होती. मल्लूकाकानं सगळ्यांदेखत तिला शब्द दिला होता. आमच्यात असा शब्द पाळण्याच्या दोरीला बांधला जायचा, आणि पोरगी मोठी झाली की सोडवून न्यायचा.

मी बारा वर्षांची असतानाची गुलबर्ग्याची सहल मला विसरता येत नाही. स्टेशनच्या रस्त्यावर एका टांग्याचं चाक बसूच्या नव्या चपलेवरून गेलं. चपलेला काही झालं नव्हतं. बसूनं टांगेवाल्याच्या हातातला चाबूक ओढून घेतला आणि त्यालाच मारायला सुरुवात केली. म्हातारा होता तो. आधी ओरडत होता, मग नुसते हात डोक्यावर धरून खाली बसला, मग आडवा झाला. चाबूक तुटला तसं बसूनं त्याला लाथेनं मारलं. दातासकट रक्त बाहेर पडलं, आणि घोडं बाजूला तसंच उभं. लोक बघत होते. घरी येऊन बसूनं त्याच हातानं तहारी खाल्ली, आणि मला शेजारी बसवून माझ्या ताटात मटणाचा तुकडा टाकला. "मर्द हाय गं माजा लेक," आत्या मला म्हणाली. तिच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा ताजा चट्टा होता. मी बघते आहे हे तिला कळलं. "तुज्या मामांचा हात जरा लवकर उठतोय," ती नवऱ्याबद्दल म्हणाली, "पर मन लई चांगलं." मला तो घास गिळता आला नाही. आमच्या घरात मार होता, पण मारून कुणी जेवायला एवढं खूश बसत नव्हतं.

आता टकरीचं सांगते. बिदर की गुलबर्गा हे बोलून ठरेना, तेव्हा आज्जानं फार वर्षांपूर्वी एक रीत घालून दिली होती. अप्पाचा एक मेंढा असायचा, त्याचं नाव बिदऱ्या. काकाचा एक, त्याचं नाव गुलबऱ्या. मेंढा मेला की नव्याला तेच नाव. कातरणी झाली की शनिवारी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या रानात दोघांची टक्कर लावायची. जो पाठ फिरवील त्याचं शहर हरलं, आणि जो उभा राहील त्याच्या शहराची गाडी आम्ही पकडायची. निम्मं गाव बघायला यायचं. मेंढे वीस-वीस पावलं मागं जायचे, क्षणभर थांबायचे आणि धावत येऊन डोकी आपटायचे. तो आवाज दूर रस्त्यापर्यंत जायचा. आंधळा आज्जा बाजेवर बसून नुसत्या आवाजावरून सांगायचा, "आता बिदऱ्या हलला." पोरपणी मीही टाळ्या पिटायचे. मेंढ्यांच्या कपाळावरून रक्त ओघळायचं त्याचं मला काही वाटायचं नाही.

मी सातवी झाले आणि त्याच पावसाळ्यात न्हाण आलं. भाऊबीजेला दोन्ही आत्या एकदम घरी आल्या. गुलबर्ग्याची आत्या ओवाळून झाल्याझाल्या म्हणाली, "माजी सून आता माज्या घरी द्या. पोरगी शाणी झालीय, आनी किती ठेवता?" बिदरची आत्या चुलीजवळ बसली होती, तिथूनच बोलली, "लगीन कुठं पळून जायलंय? वसतिगृहात एक जागा हाय. बाई घ्यायला तयार हायती. पोरगी शिकू दे, मास्तरीण हुईल." अप्पानं मान डोलावली. मल्लूकाकाचा चेहरा उतरला.

"अण्णा, म्या शब्द दिलाय," काका म्हणाला.

"तू दिलास. पोरगी माजी हाय."

"पाळण्यापाशी तू बी हुभा हुतास की. तवा कामून गप बसलास?"

अप्पानं पुढ्यातलं ताट भिंतीवर भिरकावलं. काका जागचा हलला नाही. दोघं उठले, आणि मला वाटलं आता लागतेच. तेवढ्यात आज्जानं काठी जमिनीवर आपटली. "गप बसा! टक्कर ठरवील. शनवारी ज्याचा मेंढा जितंल, त्या गावाला जायाचं. जाताना पोरीला न्यायाचं आन् थितंच सोडून यायाचं. माजं बोलणं झालं." आज्जाचं बोलणं झालं की घरात झालं. मी दाराशी उभी होते. माझ्याकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळी माय भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता, हळूच म्हणाली, "गुलबऱ्या तीन वर्सं झालं हारला न्हाई." तिच्या डोळ्यांतून पाणी पिठात पडत होतं आणि ती थापत होती.

पुढचे दिवस कातरणीत गेले. लोकर कापायच्या मोठ्या कातऱ्यांचा कचाकच आवाज, अंगणभर काळ्या लोकरीचे ढीग. मी मेंढ्यांचे पाय धरून बसायचे आणि डोळ्यांपुढं तो टांगेवाला यायचा. धनगराच्या पोराला चालता येतं तेव्हापासून एक गोष्ट ठाऊक असते. कापलेल्या ज्वारीच्या धसांना जे कोवळे हिरवे कोंब फुटतात, तिकडं मेंढरू जाऊ द्यायचं नाही. ते विष. आदल्या वर्षी एक मेंढी चुकून त्या रानात शिरली होती. दिवसभर ती मान खाली घालून पेंगत उभी राहिली, अप्पानं तिला गुळाचं पाणी पाजलं, आणि दुसऱ्या दिवशी ती चालायला लागली. मी ते पाहिलं होतं. मी एवढाच हिशेब केला की गुलबऱ्या टकरीपुरता पेंगला पाहिजे. मग मी लगेच गुळाचं पाणी पाजीन. गूळ मी आधीच चोरून परकराच्या कनवटीला बांधून ठेवला होता.

शुक्रवारी तिन्हीसांजेला रानातून ओटीभर कोंब खुडून आणले आणि टोपलीखाली झाकले. शनिवारी उजाडताच वाडग्यात गेले. गुलबऱ्यानं मला बघून शेपूट हलवलं. लहानपणापासून तो माझ्या हातचं खात होता. काकानं भिजवलेल्या हरभऱ्यांचा वाटा मीच न्यायचे ना. त्यानं माझ्या ओंजळीत तोंड खुपसलं आणि कोंब खाल्ले, आणि शेवटी माझे तळवे चाटले. सगळे खाल्ले. इतके हावऱ्यासारखे का खातो आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. टकरीच्या मेंढ्याला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवतात, अंग हलकं राहावं म्हणून. हे मला काय माहीत नव्हतं? दर वर्षी बघत होते. आदल्या वर्षीची ती मेंढी भरल्या पोटी होती, हा मोकळ्या पोटी होता. धनगराच्या पोरीनं करू नये अशी चूक मी केली. आज पासष्टी उलटली, अजून हरभरे भिजत घातले की ती चूक आठवते.

रानात माणसं जमली. आज्जाची बाज आणून ठेवली. कातरणीची हत्यारं धुवून उन्हात तिथंच एका पोत्यावर वाळत ठेवलेली होती. पहिली टक्कर झाली आणि लोकांनी आरोळी दिली. दुसरी झाली. आज्जानं मान वाकडी केली. "आवाज पोकळ आला. मल्ल्या, तुजा मेंढा बरा हाय न्हवं?" काका म्हणाला, "बरा हाय की, बा." पण गुलबऱ्याच्या मागच्या पायांना कंप सुटला होता, तो मला दिसत होता. तो मागं गेला. मला वाटलं आता वळेल, आता पाठ फिरवील, वळ रे बाबा. तो वळला नाही. ती जातच तशी. तो धावत आला, आणि टक्कर झाली ती नुसती हाडाची, त्याच्यात जोर नव्हता. "थांबवा!" आज्जा ओरडला. गुलबऱ्या गुडघ्यांवर खाली आला. बिदऱ्या मागं सरून पुन्हा धावून आला आणि पडलेल्याच्या मानेवर आदळला. मान मोडल्याचा आवाज मी ऐकला. तोंडातून फेस आला, आणि फेस हिरवा होता.

मी गूळ सोडत होते. गाठ सुटत नव्हती.

काकानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तोंडाचा वास घेऊन बघितला, बोट आत घालून चघळलेला हिरवा पाला बाहेर काढला. धनगर तो. त्याला कुणी सांगायला नको होतं. "कोंब," तो म्हणाला. मग वर बघितलं. "कुणी घातले?" अप्पा सगळ्यांच्या पुढं उभा होता. त्यानं आधी मेंढ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी कनवटीची गाठ ओढत उभी होते, आणि माझ्या परकराची ओटी हिरव्या डागांनी भरली होती, हात हिरवे होते. अप्पाला सगळं कळलं. आयुष्यात मला त्यानं इतकं नीट कधी बघितलं नव्हतं. तो एक पाऊल सरकून माझ्या आणि काकाच्या मध्ये आला.

"म्या घातले," अप्पा म्हणाला. "मरावा म्हणून न्हाई घातले. हारावा म्हणून घातले."

मल्लूकाका उठला. ज्यानं कधी कुणावर हात उचलला नव्हता त्यानं पोत्यावरची कातर उचलली आणि अप्पाच्या तोंडावर मारली. अप्पानं हात वर केला नाही. कातरीचं पातं डाव्या डोळ्यात गेलं. काकानं ती ओढून काढली आणि पुन्हा मारली, गालावर, खांद्यावर, आणि प्रत्येक वेळी एकच म्हणत होता, "माजं लेकरू! माजं लेकरू!" चार माणसांनी त्याला आवरला तेव्हा तो मातीत पडून ओरडत होता. माय किंचाळत होती. "कुणाचं रगत? अरे सांगा की, माज्या कुठल्या पोराचं रगत?" आज्जा बाजेवरून विचारत होता, आणि त्याला कुणी सांगत नव्हतं. मी ओरडायला हवं होतं की मी घातले. तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. तेरा वर्षांची होते, भ्याले होते, असं लोक म्हणतील. मी स्वतःला तसं कधी म्हणू दिलेलं नाही.

कुणीतरी मालमोटार थांबवून आम्हाला हुमनाबादला आणलं. स्टँडवर गुलबर्ग्याची गाडी सुटायच्या बेतात होती, बिदरच्या गाडीला अर्धा तास होता. माय म्हणाली, "जी सुटंल तिच्यात बसू." अप्पानं डोळ्यावर पटका दाबून धरला होता, तो भिजून लाल झाला होता. "बिदर," तो म्हणाला. "टक्कर बिदरनं जितलीय." मग मला नळाकडं बोट दाखवलं. "हात धू आधी. हिरवे दिसायलेत." मी हात धुतले. तो शेजारी येऊन वाकला आणि कानाशी बोलला, "कुणाला बोलू नगस. मल्ल्याला तर कदीच न्हाई. त्यो मरंल." बिदरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की डोळा जागेवरच गेला होता, गाडी कुठलीही पकडली असती तरी वाचला नसता. त्या वर्षी आमची दोन दिवसांची सहल दवाखान्याच्या व्हरांड्यात झाली. रविवारी संध्याकाळी माय अप्पाला घेऊन परत गेली आणि मी वसतिगृहाच्या मागच्या खोलीत आत्याजवळ राहिले. तिनं मला शिऱ्याची वाटी दिली. तो मी खाल्ला, आणि खाताना बरं वाटलं, हे लिहायची अजून लाज वाटते.

काकानं त्याच आठवड्यात कळप वाटून घेतला. आपली मेंढरं विकून तो गुलबर्ग्याला बहिणीकडं गेला. आज्जा दोन वर्षांत खंगून गेला. अप्पा एका डोळ्यानं पुढं बरीच वर्षं मेंढरं राखत होता. त्यानं मायवर पुन्हा हात उचलला नाही. कुणी थट्टेनं विचारलं तर म्हणायचा, "एका डोळ्यानं अंदाज चुकायलाय." मी शिकले, बिदर जिल्ह्यातच शिक्षिका झाले, स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. अप्पा गेला तेव्हा काकाला निरोप धाडला. तो आला नाही.

मग एका शनिवारी मी एकटीच गुलबर्ग्याची गाडी पकडली. काका खाटेवर बसला होता, खूप वाळला होता, पण डोळे शाबूत. बसूच्या बायकोनं मला पाणी आणून दिलं. माझ्याच वयाची असेल. हसताना तिनं तोंडापुढं पदर धरला, तरी पुढचे तीन दात नाहीत ते दिसलं. ते पाणी मला प्यावलं नाही. सांगायचं असं मी ठरवून गेले नव्हते. नुसतं भेटून यायचं होतं. पण काका म्हणाला, "गेला न्हवं तुजा बाप? बरं झालं. इखारी माणूस. मुक्या जनावराला इख घालणारा." मृताबद्दल तो आणखीही पुष्कळ बोलला. माझं डोकं फिरलं. मी अप्पाचीच मुलगी.

"काका, कोंब म्या घातले हुते," मी म्हटलं. "मला हितं यायचं नव्हतं. अप्पाला ठाऊक बी नव्हतं. माजे हात बघितले आन् नाव आपल्यावर घेतलं."

काका उठला आणि त्यानं माझ्या तोंडात मारली. म्हाताऱ्या हाताची, पण सगळी ताकद लावून. चष्मा उडाला, फरशीवर पडून डाव्या बाजूची काच फुटली. ओठ फुटून रक्त आलं. बसूची बायको दारातून बघत होती आणि मला वाटतं तिला हे नवीन नव्हतं. मी गाल धरला नाही. दुसरी बसली असती तरी धरला नसता. दुसरी बसली नाही. काका खाली फरशीवर बसला. चष्मा त्यानं उचलला, काचा वेचून बाजूला ठेवल्या, आणि तो माझ्या हातात दिला. मग आपल्या डाव्या डोळ्यावर तळवा ठेवून तो तसाच बसला. उजव्या डोळ्यानं भिंत बघितली, दार बघितलं, माझ्याकडं बघितलं. गिरणीचा भोंगा झाला, बाहेर पोरं ओरडत गेली, तरी त्यानं हात काढला नाही.

"असंच दिसायचं व्हय गं त्याला?" त्यानं विचारलं.

"व्हय काका," मी म्हटलं. "असंच."